मागितल्यापेक्षा जाड

आमच्या कारखान्यातून एकदा अख्खा कंटेनर भरून चुकीचा माल हॉलंडला गेला. माल वाईट नव्हता. गिऱ्हाइकाने जे मागितलं होतं त्यापेक्षा तो चांगला होता, आणि नेमकं त्यामुळेच तो परत यायची वेळ आली. नोकरीतले अनुभव लिहायला सांगितल्यावर मला पहिल्यांदा हेच आठवलं, म्हणून हेच लिहिते. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. ऱ्हस्व-दीर्घ आईने तपासलेत, बाकीच्या चुका माझ्या.

भाईंदर पूर्वेला इंडस्ट्रियल इस्टेटच्या गल्ल्या आहेत. एका गाळ्यात इमिटेशनचे दागिने, शेजारी प्लॅस्टिकचे डबे, समोर स्टीलची भांडी. आमचे तीन गाळे मधल्या भिंती पाडून एक केलेत. खाली प्रेस, पॉलिश आणि पॅकिंग, वर पोटमाळ्यावर ऑफिस. मी मीरा रोडला शांती नगरमध्ये राहते आणि सहा वर्षांपासून इथे कामाला आहे. आमच्या सेठना परदेशी गिऱ्हाइकांना इंग्रजीत मेल लिहिणारं कुणीतरी हवं होतं. मुलाखतीत मी एकूण सात-आठ वाक्यं बोलले असेन. "कम बोलती है, अच्छा है," सेठ म्हणाले, "मेल में थोडी बोलना पडता है."

पुढे मेलबरोबर बाकीची कागदपत्रंही माझ्याकडे आली. त्यातला एक कागद म्हणजे पॅकिंग लिस्ट. किती खोके, प्रत्येक खोक्यात किती नग, वजन किती, हे त्यात लिहायचं असतं. ते लिहिण्यासाठी मी प्रत्येक लॉटमधले दोन-तीन खोके काट्यावर ठेवून बघते. या कामाबद्दल कुणी विचारत नाही आणि मला ते आवडतं.

भांडं कसं बनतं हे थोडक्यात सांगते. स्टीलच्या पत्र्याच्या गोल चकत्या तयार मिळतात, त्यांना आम्ही सर्कल म्हणतो. सर्कल प्रेसखाली साच्यात दाबलं की वाडगा तयार होतो. त्याचा वरचा काठ धारदार असतो, तो दुसऱ्या मशीनवर बाहेरच्या बाजूला गोल वळवतात. मग पॉलिश, धुणं, पुसणं, पॅकिंग. ऐकायला सोपं वाटतं. प्रेसवर आमचे तांबे काका आहेत, मूळचे रत्नागिरीकडचे. साचे बसवणं, प्रेस लावणं, काठ वळवायचं मशीन घट्ट-सैल करणं, सगळं त्यांच्या हातात. तिथे फार आवाज असतो, म्हणून काका खुणांनी बोलतात, आणि जेवणाच्या सुट्टीत त्याची सगळी भरपाई करतात.

पॅकिंगला तेव्हा चौदा बायका होत्या. त्यांच्या प्रमुख फिलोमिना आंटी. त्या पश्चिमेच्या किनाऱ्यावरच्या तारोडी गावाहून येतात, उत्तनची बस पकडून स्टेशन, मग पूल ओलांडून पूर्वेला. त्यांचा नवरा बोटीवर जायचा, आता गुडघ्यांमुळे जात नाही. एकदा अमेरिकेतल्या एका गिऱ्हाइकाने आमच्याच वाडग्याचा फोटो पाठवला होता, आतल्या चकचकीत भागावर अंगठ्याचा ठसा स्पष्ट दिसत होता. तेव्हापासून पॅकिंगला पांढरे हातमोजे आले. मी ते वाटायला गेले तर आंटी म्हणाल्या, "ह्या काय? लगीन हाय का कोनाचा?" आणि मोजे घालून त्यांनी सगळ्यांना चर्चमधल्या नवरीसारखा हात हलवून दाखवला. त्यानंतर ठशाची तक्रार आली नाही.

आता मुख्य गोष्ट.

हॉलंडचं गिऱ्हाईक म्हणजे यान नावाचा एक माणूस. तो तिथल्या दुकानांना स्वयंपाकघरातल्या वस्तू पुरवतो. त्याला झाकणाचे वाडगे हवे होते. वाडगा आमचा, झाकण चीनमधल्या एका कारखान्याचं, सिलिकॉनचं, आणि बाहेरचा छापील खोका आणखी कुठला तरी. तिन्ही वस्तू रॉटरडॅमजवळच्या त्याच्या गोदामात एकत्र यायच्या आणि तिथून दुकानात. वाडग्याचं झाकण वाडग्याबरोबरच बनायला पाहिजे असं आपल्याला वाटतं. हल्ली तसं होत नाही.

ही ऑर्डर आमच्यासाठी फार मोठी होती. तिच्या भरवशावर सेठनी दुसरी पाळी सुरू केली होती. चौदापैकी सहा बायका त्या पाळीसाठी नव्या घेतलेल्या. पहिल्या वर्षी माल बरोबर गेला. दुसऱ्या वर्षी काम सुरू करायच्या वेळीच सर्कलवाल्याने हात वर केले, पाच दशांश मिलीमीटर जाडीचा पत्रा दोन आठवडे मिळणार नाही म्हणाला. बोटीची तारीख तर ठरलेली. सेठकडे लग्नाच्या भांड्यांसाठी आणून ठेवलेली सर्कलं होती, सहा दशांशची. म्हणजे मागितल्यापेक्षा एक दशांश मिलीमीटर जाड. कागदाच्या एका पानाएवढा फरक.

सेठनी ती वापरायचं ठरवलं. जाड पत्रा महाग असतो, त्यामुळे त्यात त्यांचंच नुकसान होतं, आणि ते त्यांनी हसत सोसलं. तांबे काकांनी जुनी मोठी रिंग शोधून साच्यात बसवली, जाड पत्रा आत जावा म्हणून. दीड दिवस ते त्यामागे होते. कुणी फसवत नव्हतं. सगळे जण गिऱ्हाइकाला खूश करत होते.

यामागची सवय आपल्या सगळ्यांची आहे. आपल्याकडे भांडं किलोवर विकलं जातं. दुकानात बाई पातेलं हातात घेते, दोनदा वरखाली करते आणि म्हणते, "हलकं आहे हो." मग दुकानदार वरच्या फळीवरून दुसरं काढतो. जड असेल ते चांगलं. माझी आईसुद्धा असंच करते. सेठचे वडील भांड्यांची फेरी करायचे, त्यांनी मुलाला हेच शिकवलं की गिऱ्हाइकाच्या हाताला वजन लागलं पाहिजे. कोथिंबिरीची काडी वर घालणाऱ्या भाजीवाल्यासारखं सेठनी हॉलंडला एक दशांश मिलीमीटर वर घातलं होतं.

मला ते दुसऱ्या दिवशी कळलं, काट्यावर. खोका पावणेदोन किलोने जास्त भरला. मी दुसरा ठेवला, तोही तसाच. मी खाली काकांकडे गेले. प्रेस चालू होती. मी काय विचारतेय ते त्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून मी वाडगा उचलून दाखवला. त्यांनी प्रेस थांबवली.

"काय ताई?"

"काका, वजन जास्त येतंय."

"येणारच. हात लावून बघा ना. काय माल झालाय! तुमच्या हॉलंडवाल्या साहेबाच्या नातवाला पण पुरेल."

"पण त्यांनी पाच सांगितलं होतं."

"पाच सांगितलं, सहा दिलं. चार तर नाही ना दिलं?" काकांनी प्रेस पुन्हा सुरू केली.

सेठनाही मी सांगितलं. खरं तर सांगितलं नाही, विचारलं. "सेठ, यानला कळवायचं का?" ते फोनवर होते. फोन कानापासून जरा बाजूला घेऊन म्हणाले, "अरे बेटा, ज्यादा दिया है, कम थोडी दिया है. खुश हो जाएगा." आणि पुन्हा फोन कानाला लावला.

मी वर येऊन पॅकिंग लिस्टमध्ये वजन बदललं. खरं वजन लिहिलं. तो कागद यानला मेलने गेला. माझं काम झालं असं मी स्वतःला सांगितलं. त्याने वजन वाचलं तर त्याला कळेल, आणि त्याने विचारलं तर मी सांगेन. असं मी नेहमीच करत आलेय. शाळेतही उत्तर येत असलं तरी मी हात वर करायचे नाही, पेपरात लिहायचे.

कंटेनर गेला.

सहा आठवड्यांनी यानचा मेल आला. तीन फोटो होते. पहिल्यात वाडग्यावर झाकण, दुसऱ्यात झाकण एका बाजूने वर उचललेलं, तिसऱ्यात झाकण टेबलावर पडलेलं. खाली एक ओळ होती: झाकणं बसत नाहीत, आज खुलासा करा.

जाड पत्र्याचा काठ वळवला की तो थोडा अधिक फुगतो, हे नंतर काकांनी मला समजावलं. झाकणाच्या कडेला आतून एक खाच असते, वळवलेला काठ त्या खाचेत अडकायचा असतो. काठ फुगला, खाच तेवढीच राहिली. झाकण बसल्यासारखं वाटायचं आणि मिनिटाभरात टप्पकन सुटायचं.

यानने वाडगे एका मोठ्या दुकान-साखळीला कबूल केले होते. तारीख पाच आठवड्यांवर होती. तोपर्यंत माल दुकानात लागला नाही तर हा माल परत, आणि पुढच्या वर्षीची ऑर्डर व्हिएतनामला. तसं त्याने दुसऱ्या मेलमध्ये सरळ लिहिलं होतं, धमकी म्हणून नाही, माहिती म्हणून. ऑर्डर गेली की दुसरी पाळी जाणार हे कारखान्यात सगळ्यांना माहीत होतं. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत काका बोलले नाहीत.

संध्याकाळी व्हिडिओ कॉल ठरला. सेठ माझ्या शेजारी, कॅमेऱ्यात येणार नाहीत असे बसले. दुसऱ्या बाजूला तांबे काका, हातात एक वाडगा घेऊन. कॉल सुरू व्हायच्या आधी सेठ म्हणाले, "बोल दे, सर्कलवाले की गलती. उसने गलत माल दिया, हमको पता नहीं चला."

काका म्हणाले, "सेठ, पता नहीं चला बोलेंगे तो मेरी इज्जत का क्या? तीस साल से पत्रा पकडता हूँ. सहा आणि पाच मला कळत नाही?"

"तांबेजी, अभी इज्जत छोडो ना."

तेवढ्यात यान स्क्रीनवर आला. पन्नाशीचा असेल, चष्मा कपाळावर. बोलणं अर्थातच इंग्रजीत झालं, मी इथे मराठीत लिहितेय.

"पत्रा किती जाडीचा आहे?" त्याने विचारलं.

माझ्याकडे सेठचं उत्तर होतं. ते सोपं होतं आणि पाच-सहा शब्दांत होणार होतं. पण पॅकिंग लिस्टमध्ये मी खरं वजन लिहिलं होतं. आम्हाला कळलं नाही असं सांगितलं असतं तर तो कागद खोटं बोलू देणार नव्हता. मला धीर आला होता असं लिहिणार नाही. मला पकडलं जायची भीती वाटली.

"सहा दशांश," मी म्हटलं. "आम्ही मुद्दाम वापरला. पाचचा मिळत नव्हता. जाड दिला तर तुम्हाला आवडेल असं वाटलं."

सेठना इंग्रजी बोलता येत नाही, पण समजतं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"मुद्दाम," यान म्हणाला. "का?"

आपल्याकडे भांडं वजनाने विकतात, हातात घेऊन बघतात, जड असेल ते चांगलं मानतात, हे मी त्याला समजावायचा प्रयत्न केला. काकांच्या हातातला वाडगा घेऊन कॅमेऱ्यासमोर वरखालीही करून दाखवला. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मी भेट मागितली नव्हती. वाडगा मागितला होता."

त्यानंतर त्याने समोरचे कागद चाळले. एक कागद वर काढला. माझी पॅकिंग लिस्ट.

"वजन इथे लिहिलंय. बरोबर लिहिलंय. आमच्याकडेही कुणी बघितलं नाही. हे तू लिहिलंस?"

"हो."

"म्हणजे तुला माहीत होतं. मग मला सांगितलं का नाहीस?"

लिहिलं म्हणजे सांगितलं, असं मी तोवर समजत होते. हे त्याला सांगता येण्यासारखं नव्हतं. मी 'सॉरी' म्हटलं. तो म्हणाला, सॉरीने झाकण बसत नाही. मग चष्मा डोळ्यांवर घेऊन म्हणाला, वाडगे आता बदलता येणार नाहीत, झाकणं बदलता येतात का बघू, आणि झाकणवाल्या कारखान्यातल्या बाईचा पत्ता त्याने पाठवला.

कॉल संपल्यावर सेठनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "सच बोलने के लिए भी पूछ लिया करो बेटा." काका हसले. मला हसू आलं नाही.

चीनमधल्या त्या बाईचं नाव लिन. माझ्याच वयाची असावी. ती चिनीत लिहायची आणि मशीन त्याचं इंग्रजी करायचं. तिच्या मेलमध्ये नमस्कार-चमत्कार नव्हते. पहिल्याच मेलमध्ये तिने विचारलं: काठाची जाडी कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती? किती वाडगे मोजून सांगताय?

आम्ही ते कधी मोजलं नव्हतं. काका साचे व्हर्नियरने मोजतात, केसाएवढा फरक सोडत नाहीत. पण तयार वाडगा ते अंगठ्याने बघतात. काठावरून अंगठा फिरवतात आणि मान हलवतात. त्यांना मेल वाचून दाखवला तर ते चिडले.

"कमीत कमी, जास्तीत जास्त म्हणजे काय? काठ एकच आहे. माझ्या हातचा आहे."

"काका, तिला आकडा हवाय."

"मग लिहा, बरोबर आहे म्हणून."

त्या लॉटमधले दोनशेच्या वर वाडगे गोदामात उरले होते, जादा म्हणून ठेवलेले. मी ते ऑफिसात आणवले आणि व्हर्नियर घेऊन मोजायला बसले. मला नीट जमत नव्हतं. अर्ध्या तासाने काका वर आले, माझ्या हातातून व्हर्नियर काढून घेतला. मग एक खेळ सुरू झाला. काका आधी अंगठा फिरवायचे आणि सांगायचे, "हा जाड. हा बरा. हा सकाळचा." मग मोजायचे. जवळजवळ प्रत्येक वेळी त्यांचा अंगठा बरोबर निघाला. पण अंगठा चीनला पाठवता येत नव्हता.

"सकाळचा म्हणजे?" मी विचारलं.

"सकाळी मशीन थंड असतं, काठ घट्ट वळतो. तापलं की सैल वळतो. दुपारी मी स्क्रू एक आटा घट्ट करतो."

"हे कुठे लिहिलंय?"

"कशाला लिहायचं? मी असतो ना."

संध्याकाळपर्यंत असं दिसलं की बहुतेक वाडगे एकमेकांच्या जवळपास होते, आणि तीस-पस्तीस फारच फुगलेले. काकांनी ते वेगळे काढले, खालचा शिक्का बघितला, कारण आम्ही तळाशी दिवसाची खूण मारतो. सगळे तीनच दिवसांचे निघाले, आणि ते तीन दिवस काका पुतण्याच्या लग्नाला गावी गेले होते. आटा कुणी घट्ट केला नव्हता. तो कसा आणि किती करायचा हे कुणाला माहीतच नव्हतं. काकांनी ते वाडगे एकेक करून पुन्हा अंगठ्याने बघितले. नंतर त्यांनी जे सांगितलं ते मी लिहून घेतलं: किती वाजता, किती आटे, कुठल्या बाजूचा. तो कागद आता त्या मशीनवर चिकटवलेला आहे. काका त्याच्याकडे बघत नाहीत, पण इतर बघतात.

सेठचं म्हणणं पडलं की तीन दिवसांचे खराब आकडे पाठवू नयेत. "अच्छे वाले भेज. इतना फरक देखेगी तो क्या सोचेगी?"

सेठ वाईट माणूस नाहीत. परदेशी माणसापुढे आपल्या घरचा पसारा दाखवू नये अशी त्यांची भावना. नमुना पाठवतानाही ते नेहमी सगळ्यात सुंदर नग निवडतात, जसं पाहुण्याला चांगला कप देतात. पण कंटेनरमध्ये सगळेच कप गेले होते.

"सेठ," मी म्हटलं, "तेही वाडगे तिथे गेलेत. झाकण त्यांच्यावरही बसायला पाहिजे." आणि मग, त्यांना विचारून, मी सगळे आकडे पाठवले. विचारलं असं म्हणतेय, पण बोट मेलच्या बटणावरच होतं.

लिनचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. मशीनच्या इंग्रजीतून कळलं ते असं: तुमचा फरक खूप मोठा आहे, पण पूर्ण आहे. मागच्या एका कारखान्याने फक्त सुंदर आकडे दिले होते, मला साचा दोनदा बनवावा लागला. तिने खाच थोडी रुंद आणि कड मऊ केली, म्हणजे दोन्ही प्रकारचे काठ आत धरले जातील. नवा साचा नऊ दिवसांत तयार. झाकणं विमानाने गेली, त्याचं भाडं सेठनी भरलं. त्या नऊ दिवसांबद्दल काका अजून बोलतात. आमच्याकडे साचा करून घ्यायचा तर आधी कारागीर जागेवर सापडला पाहिजे, मग त्याने चहा घेतला पाहिजे.

आमच्यासारख्या कारखानदारांसाठी कधी कधी हॉटेलात परिसंवाद असतात. सेठ मला पाठवतात, कारण भाषणं इंग्रजीत असतात. भारतीय कारखाने जागतिक स्पर्धेत कसे उतरतील, असा विषय असतो. या प्रकरणानंतर गेले तेव्हा वक्त्यांनी विचारलं, परदेशी गिऱ्हाईक आपल्याकडून काय मागतं? पुढच्या रांगेतून दोघं-तिघं एकदम म्हणाले, "सस्ता." सगळे हसले. यान माझ्याशी किमतीबद्दल फार कमी बोलला होता. तो मागत होता ते इतकंच की हजारावा वाडगा पहिल्यासारखा असावा, आणि नसेल तर त्याला आधी सांगावं. काकांच्या हाताएवढा चांगला हात त्या चीनच्या कारखान्यात असेल का मला शंका आहे. पण तिथे तो हात रजेवर गेला तरी आटा घट्ट होत असणार. हे सगळं मला तिथे उठून बोलता आलं असतं. मी समोसा घेतला आणि बाहेर आले.

झाकणं बसली. माल दुकानात लागला, आठवडाभर उशिरा; दुकानवाल्यांनी तेवढं चालवून घेतलं. पुढच्या वर्षीच्या ऑर्डरची आम्ही वाट बघत होतो. सेठ दिवसातून तीनदा विचारायचे, "आया क्या?" काका काही विचारायचे नाहीत, फक्त जाता-येता माझ्या टेबलापाशी थांबायचे. शेवटी मेल आला. ऑर्डर अर्धी. उरलेली अर्धी व्हिएतनामला. खाली यानने लिहिलं होतं की त्याला एकाच ठिकाणावर अवलंबून राहता येत नाही, आणि यापुढे काहीही बदललं तर मी त्याला फोन करायचा, कागद नको.

सेठनी मेल माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. "पूरा गया नहीं," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "आधा गया." दुसरी पाळी पूर्ण चालवणं शक्य नव्हतं. सहा नव्या बायकांना काढायचं किंवा सगळ्यांचे दिवस कमी करायचे. सेठनी दिवस कमी करायचं ठरवलं. पॅकिंगच्या चौदा बायका आळीपाळीने, एक आठवडा काम, एक आठवडा सुट्टी, नवी ऑर्डर मिळेपर्यंत. "नोटिस टाइप कर दे, बेटा. हिंदी में. नीचे लगा दे."

मी टाइप केली. प्रिंट काढली. चिकटपट्टी घेऊन खाली गेले. नोटीस बोर्ड पॅकिंगच्या दारात आहे. बायका आत पुठ्ठ्याचे खोके उभे करत होत्या. मी कागद लावून वर येऊ शकले असते, त्यांनी तो पाच वाजता जाताना वाचला असता. मी कागदाची घडी केली आणि आत गेले.

"आंटी, सगळ्यांशी बोलायचं होतं."

फिलोमिना आंटींनी हातमोजे काढले. "बोल गो."

मी सांगितलं. हॉलंडची ऑर्डर अर्धी झाली, आठवड्याआड काम मिळेल. कधीपर्यंत ते माहीत नाही. आवाज बारीक लागला होता, मागच्या दोघी पुढे सरकल्या. मग मी तेही सांगितलं जे नोटिशीत नव्हतं: "वजन वाढलंय ते मला कळलं होतं, माल जायच्या आधी. मी यानला सांगितलं नाही."

आंटींनी काढलेले मोजे खोक्यावर ठेवले.

"आनि आमाला ठाव नव्हता काय?" त्या म्हणाल्या. "खोके कोन उचलीत व्हता? तुजा काटा?"

मागून एक जण म्हणाली, "माझी तर कंबर धरली होती तेव्हा."

"मग तुम्ही का नाही बोललात?" मी विचारलं.

"इचारला कोनी?" आंटी म्हणाल्या. "आमी बोललो आसतो त काकान् सांगितला आसता, फिलोमिना, तू खोके बांध." बायका हसल्या. मलाही तोच आवाज ऐकू आला, काकांचा, अगदी तसाच.

आंटींनी एक रिकामा पुठ्ठा घेतला, पेन मागितलं आणि नावं दोन भागांत लिहायला लागल्या. शाळेत जाणारी मुलं कुणाची, कुणाचा नवरा घरी बसलाय, हे त्यांना माहीत होतं, विचारावं लागलं नाही. स्वतःचं नाव त्यांनी दुसऱ्या आठवड्यात घातलं. लिहून झाल्यावर पुठ्ठा माझ्याकडे दिला.

"आनि तुजा आठवडा कंचा?"

"माझं..." मी म्हटलं, "मी दोन्ही आठवडे येणार."

"बरा हाय. मेल लिवाया कोनतरी पायजे." त्यांनी मोजे पुन्हा घातले. "मग आमी नसू तवा खोके तू उचल."

ती थट्टा होती की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यांच्या सुट्टीच्या पहिल्याच सोमवारी मी खाली गेले आणि उचलले. आता प्रत्येक लॉटचे पहिले दहा खोके मी काट्यावर ठेवण्याआधी हाताने उचलून बघते आणि अंदाज सांगते. बहुतेकदा चुकतो. मग मी आंटींना विचारते.